सीताबर्डीचे श्याम हॉटेल

दर दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. पांढऱ्या कपड्यांतली, डोक्यावर बोचकी घेतलेली, रात्रीच्या गाडीने उतरलेली, कडेवर लेकरे असलेली. शिवदान मल यांनी आखलेल्या भव्य स्तूपासमोर ती हात जोडतात. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते या स्तूपाचे उद्घाटन झाले. स्तूप, बोधिवृक्ष, पुस्तकांची दुकाने हे सगळे त्यांच्या ओळखीचे असते. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या सकाळी बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर या मैदानावर कुठून आले, असे विचारले तर बहुतेक जण थबकतात. ते आले सीताबर्डीतून. बर्डीवरच्या श्याम हॉटेलात त्यांचा मुक्काम होता.

एखाद्या हॉटेलावर ऐतिहासिक लेख लिहायचा म्हटले की वाचकाला मुंबईचे ताज किंवा वॉटसन आठवते. ओतीव लोखंडाचे खांब, झुंबरे, राजेरजवाडे आठवतात. श्याम हॉटेलाच्या नावावर असले काही नाही. स्टेशनाजवळच्या बाजारपेठेत, व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या आणि कामानिमित्त आलेल्या पाहुण्यांच्या वर्दळीत असते तसे ते एक हॉटेल. तरीही विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात त्याला मानाची जागा मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण समजण्यासाठी नागपुरातून आधी बडोद्याला जावे लागते.

सप्टेंबर १९१७. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून आलेले सव्वीस वर्षांचे आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला निघाले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार ही नोकरी करणे त्यांना भाग होते. बडोद्यात उतरल्यावर पहिला प्रश्न पडला तो राहायचे कुठे. हिंदू वसतिगृहात जात लपवून राहणे त्यांना नको होते, आणि जात सांगितली तर दार बंद होणार हे ठाऊक होते. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराने सांगितले, इथे फक्त पारशी उतरतात आणि नोंदवहीत नाव लिहावे लागते. शेवटी पारशी नाव लिहून त्यांना जागा मिळाली. वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या दिवाणखान्यात मोडके सामान पडले होते आणि वटवाघळांची वस्ती होती. दिवसभर कचेरीत बसायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात पुस्तक घेऊन एकटेपण विसरायचा प्रयत्न करायचा, असे त्यांचे दिवस गेले.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी माणसे काठ्या घेऊन जिना चढून आली. धर्मशाळा बाटवलीस म्हणून त्यांनी धमकावले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगितले. एका हिंदू मित्राने आपले नोकर घर सोडून जातील अशी अडचण सांगितली. ख्रिस्ती झालेल्या दुसऱ्या मित्राने बायकोला विचारावे लागेल म्हणून टाळले. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. या प्रसंगाची आठवण निघाली की अठरा वर्षांनंतरही आपले डोळे भरून येतात, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. त्या बागेत आज संकल्पभूमी हे स्मारक आहे.

हा एकच प्रसंग असता तर तो एका गावाचा दोष मानता आला असता. पण त्यांच्या आठवणींत मुक्कामाची आणि प्रवासाची अशी किती तरी दुखणी आहेत. लहानपणी वडिलांना भेटायला गोरेगावला जाताना मसूर स्टेशनवर जात कळताच कोणी बैलगाडी हाकायला तयार होईना. १९२९ साली ते सरकारी चौकशी समितीचे सदस्य होते. चाळीसगावला त्यांना टांग्यात बसवून हाकायला टांगेवाल्याने नकार दिला. मग वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरला, टांगा पुलावरून उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव धावून आला. हे सगळे सोसणारा माणूस बॅरिस्टर होता, प्राध्यापक होता, विधिमंडळाचा सभासद होता. रात्री डोके टेकायला जागा आणि प्यायला पाणी या दोनच गोष्टी त्याला पुन्हा पुन्हा नाकारल्या जात होत्या.

म्हणूनच राज्यघटनेतले पंधरावे कलम मी दर वेळी थांबून वाचतो. मूलभूत अधिकारांच्या भारदस्त मजकुरात तिथे दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्तेही त्याच कलमात आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले की ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही त्याच दिवशी मंजूर झाले. पुढे १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) कायदा लागू झाला. हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तिथली सार्वजनिक भांडी वापरू न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चहाच्या दुकानाबाहेर वेगळी ठेवलेली कानतुटकी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या भांड्यांच्या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

हा कायदा लागू होऊन जेमतेम सोळा महिने झाले होते, तेव्हा त्या घटनेचा शिल्पकार आपल्या खऱ्या नावाने नागपुरातल्या एका हॉटेलात उतरला. श्याम हॉटेलाचे महत्त्व मला इथे वाटते. १९१७ ची पारशी धर्मशाळा आणि १९५६ चे श्याम हॉटेल यांच्या मधल्या एकोणचाळीस वर्षांत जो लढा झाला, तो या दोन मुक्कामांतून समजतो.

नागपूरशी बाबासाहेबांचा संबंध जुना. १९२० च्या मे अखेरीस इथे बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरली, तेव्हा तरुण आंबेडकर तिथे होते. ऑगस्ट १९३० मध्ये इथल्याच दलित परिषदेचे ते अध्यक्ष होते. १८ आणि १९ जुलै १९४२ ला मोहन पार्कवर प्रचंड सभा झाली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. किसन फागूजी बनसोडे यांच्यासारख्या सुधारकांनी आणि एम्प्रेस मिलच्या कामगारवस्त्यांनी इथली जमीन आधीच नांगरून ठेवली होती. इंदोरा, पाचपावली या भागांत शिकण्याची आणि संघटनेची एक भूक होती. दीक्षेसाठी नागपूर निवडण्यामागे ही भूकही असणार, असे मला वाटते. स्वतः बाबासाहेबांनी मात्र १५ ऑक्टोबरच्या भाषणात वेगळे कारण दिले. बौद्ध धर्माच्या प्रसारात नाग लोकांचा मोठा वाटा होता आणि ही भूमी त्यांची, असे ते म्हणाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे शहर म्हणून हे ठिकाण मुद्दाम निवडल्याची कुजबुज होती. ती त्यांनी फेटाळून लावली.

१९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर स्वतःही एका वळणावर उभे होते. ते तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. म्हणजे दीक्षा समारंभ राजधानी असलेल्या नागपुरात झाला तो अवघे अठरा दिवस आधी. शहर त्या काळजीत होते. सीताबर्डी हा शहराचा सर्वांत गजबजलेला भाग होता. १८१७ च्या लढाईची टेकडी आणि किल्ला एका बाजूला, रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर, आणि मधे दुकानांची रांग. बाहेरगावच्या माणसाने उतरावे ते बर्डीवरच.

बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाल्याचा तो काळ. २४ मे १९५६ रोजी मुंबईत नरे पार्कवरच्या बुद्ध जयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धर्मांतर करणार असे जाहीर केले. २३ सप्टेंबरला पत्रक निघाले : दसऱ्याच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान, नागपुरात. कुशीनगरचे भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांना दीक्षा देण्यासाठी पाचारण करण्यात आले. नागपुरातली सगळी तयारी भारतीय बौद्धजन समितीच्या शाखेने केली. वामनराव गोडबोले हे तिचे सचिव. मैदान ठरले ते श्रद्धानंद पेठेजवळचे, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटलगतचे, सुमारे चौदा एकरांचे. साहेबांच्या निवासाची सोय श्याम हॉटेलात झाली.

११ ऑक्टोबरला सकाळी पत्नी डॉ. सविता आंबेडकर, म्हणजे माईसाहेब, आणि सचिव नानकचंद रत्तू यांच्यासह बाबासाहेब दिल्लीहून विमानाने निघाले. नागपूरचा विमानतळ सोनेगावचा. आज आम्ही प्रताप नगरचे रहिवासी ज्या बाजूला राहतो, त्याच बाजूने त्यांची मोटार शहरात शिरली असणार. आमच्या प्रताप नगरातून निघून लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकावरून गेले की दीक्षाभूमी लागते, आणि तिथून धंतोलीकडून बर्डी गाठता येते. ही सगळी ठिकाणे रोजच्या येण्याजाण्याच्या अंतरात आहेत. इतिहास इतक्या जवळून गेला की शेजाऱ्यांनाच तो दिसत नाही.

प्रकृती तोवर फार ढासळली होती. मधुमेह जुना, पायांत वेदना, चालताना एका हातात काठी आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि पथ्यपाण्यावर त्यांची नजर असे. अशा माणसाला विश्रांती हवी होती; पण श्याम हॉटेलात ती मिळण्याजोगी नव्हती. शहरात गावोगावचे लोक उतरू लागले होते. रेल्वेने, बैलगाड्यांनी, पायी. त्यांतल्या प्रत्येकाला साहेब एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

या मुक्कामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस १३ ऑक्टोबरचा. बाबासाहेब हॉटेलात पत्रकारांना भेटले. तारखेचा योग विलक्षण आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी सांगितले होते की हिंदू म्हणून जन्मलो हा माझ्या हातातला भाग नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याला त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे झाली. मधल्या काळात निरनिराळ्या धर्मांच्या धुरीणांनी त्यांना आपल्याकडे बोलावले होते. त्यांनी वाचले, पारखले आणि वाट पाहिली. येवल्याच्या भाषणाला जगभर प्रसिद्धी मिळाली. त्याचे उत्तर ज्या खोल्यांत दिले गेले त्या मात्र कोणाला ठाऊक नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते.

पत्रकारांना त्यांनी सांगितले की आपण स्वीकारणार तो धम्म खुद्द बुद्धाने सांगितला तसा असेल. हीनयान आणि महायान या जुन्या भेदांत आपले लोक अडकणार नाहीत. याला हवे तर नवयान म्हणा. आज जगभरची विद्यापीठे ‘नवयान’ शिकवतात. ते नाव पत्रकारांसमोर ठेवले गेले ते बर्डीवरच्या या हॉटेलात. बौद्ध धर्मच का, या प्रश्नावर ते चिडले. हा प्रश्न तुम्ही स्वतःला आणि आपल्या पूर्वजांना का विचारत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यानंतर गांधीजींशी झालेल्या जुन्या बोलण्याची आठवण सांगितली. आपले मतभेद असले तरी वेळ येईल तेव्हा देशाला कमीत कमी धक्का लागेल असाच मार्ग मी निवडीन, असे त्यांनी गांधीजींना सांगितले होते. बौद्ध धर्म हा भारतीय संस्कृतीचाच भाग असल्यामुळे आपण देशावर उपकारच करत आहोत, असा त्यांचा दावा होता.

मला या बोलण्यात सर्वांत मोठे दिसते ते त्यांचे धैर्य, कारण किंमत त्यांना नेमकी ठाऊक होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या होत्या, त्याला फक्त शिखांचा अपवाद होता. धर्म बदलला की राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या जाणार होत्या. सार्वत्रिक निवडणूक चार महिन्यांवर आली होती. व्यवहारी राजकारणी असता तर त्याने निवडणूक होऊ दिली असती. बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांच्या माणसांनी ती किंमत पुढे खरोखरच मोजली. महाराष्ट्राने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे. या काळात ज्यांची शिक्षणे आणि नोकऱ्या हुकल्या त्यांनीही दीक्षा परत केली नाही. धर्मांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी या गोष्टीचा जितका विचार करायला हवा तितका केलेला नाही, असे माझे मत आहे.

१४ ऑक्टोबर, रविवार. बाबासाहेब पहाटेच उठले. मंडपातली व्यवस्था पाहून घ्यायला त्यांनी रत्तूंना सांगितले. शुभ्र रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून साडेआठच्या सुमारास ते माईसाहेब आणि रत्तूंसह मोटारीने हॉटेलातून निघाले. बर्डी ते मैदान हे अंतर फार नाही. रस्त्यांवर मात्र पांढऱ्या कपड्यांची माणसेच माणसे होती. मंडपात सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती उभारली होती. समारंभाच्या सुरुवातीला बाबासाहेबांचे वडील रामजी यांच्या स्मृतीसाठी सगळे मिनिटभर उभे राहिले. वयोवृद्ध चंद्रमणींनी त्रिशरण आणि पंचशील पालीत दिले. बाबासाहेब आणि माईसाहेबांनी ते मराठीतही म्हटले. मग बाबासाहेबांनी समोरच्या जनसमुदायाला उभे राहायला सांगितले आणि बावीस प्रतिज्ञांसह स्वतः दीक्षा दिली. तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आकडे सांगितले जातात.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्याच मैदानावर त्यांनी सुमारे दोन तास भाषण केले. धर्मांतरामागचा सगळा विचार समजून घ्यायचा असेल तर हे भाषण मुळातून वाचावे. त्याच दिवशी नागपूर महापालिकेने त्यांना मानपत्र दिले. सदानंद फुलझेले तेव्हा शहराचे उपमहापौर होते. पुढे दीक्षाभूमीच्या स्मारकासाठी त्यांनी आयुष्य वेचले. १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चंद्रपूरला गेले आणि तिथेही हजारोंनी दीक्षा घेतली. श्याम हॉटेलातला मुक्काम संपला. त्यानंतर बाबासाहेब पन्नासएक दिवसच जगले. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

दीक्षाभूमीचा मान तिचाच आहे, त्यात वाटेकरी कोणी होऊ शकत नाही. पण एका मोठ्या घटनेचे एकच ठिकाण जपायचे आणि बाकीची सोडून द्यायची, ही आपली सवय चांगली नाही. महाडला चवदार तळे आहे, नाशिकला काळाराम मंदिर आहे, येवल्याला मुक्तिभूमी आहे, बडोद्याला संकल्पभूमी आहे. या मालिकेत सीताबर्डीच्या श्याम हॉटेलाचे नाव यायला हवे. ज्याला एका शहराने नोंदवहीत स्वतःचे नाव लिहू दिले नाही, तो दुसऱ्या शहराच्या हॉटेलात स्वतःच्या नावाने राहिला आणि तिथून लाखोंना नवी ओळख द्यायला निघाला. हे शाळकरी मुलांना त्या रस्त्यावर उभे करून सांगावे. दसऱ्याला आलेल्या यात्रेकरूंना स्तूपाबरोबर हा मार्गही दाखवावा. महापालिकेने, विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि आंबेडकरी संस्थांनी मिळून हे काम हाती घ्यावे.

दुसरे काम आपल्या घरातले आहे आणि त्याला वेळ फार थोडा उरला आहे. १९५६ साली जे दहा-पंधरा वर्षांचे होते ते आता ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत. नागपुरात, भंडाऱ्यात, वर्ध्यात, अमरावतीत, चंद्रपुरात अशी माणसे अजून आहेत. कोणी बापाच्या खांद्यावर बसून मंडप पाहिला, कोणी हॉटेलासमोरच्या गर्दीत तासन्‌तास उभे राहिले. तुमच्या घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, तर या दसऱ्याची वाट पाहू नका. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, ते कुठून आले, कसे आले, काय खाल्ले, कुठे झोपले, सगळे विचारा, आणि जसे सांगतील तसे लिहून ठेवा.